कागद कुठवर चालतो?

(दातिवरे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या पटांगणात जमतो, त्या गुरुजींनी माझा शाळा सोडल्याचा दाखला स्वतःच्या हाताने लिहिला. लिहिताना ते तीनदा थांबले. नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ? जन्मतारीख आजीने सांगितलेली की ग्रामपंचायतीच्या नोंदीतली? आडनाव गावात म्हणतात ते की सातबाऱ्यावरचं? माझे वडील तांडेल. पाणी उतरायच्या आत त्यांना बोट खाडीबाहेर काढायची होती. ते म्हणाले, "लिहा गुरुजी काहीही, पोरीला कुठे विलायतेला जायचंय!" गुरुजी म्हणाले, "तांडेल, हा कागद कुठवर जाईल ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही." त्यांनी वडिलांना नोंदीचा उतारा आणायला परत पाठवलं. त्या दिवशीचं पाणी चुकलं.

मी विलायतेला गेले नाही. सफाळ्याहून गाडी पकडून महाविद्यालयात गेले, रसायनशास्त्र शिकले आणि पुढे बत्तीस वर्षं तेच शिकवलं. पण गेली पंधरा-वीस वर्षं माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी एक प्रश्न सारखा असतो. बोईसरच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला मुलगा असो, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी असो, नाहीतर शेत गहाण ठेवून पोराला बाहेर पाठवायला निघालेले वडील असोत. "मॅडम, आपली डिग्री बाहेर चालते का?" गुरुजींच्या नावाने बोलायची संधी मिळाली तेव्हा मी ठरवलं की याच प्रश्नावर बोलायचं. याचं चुकीचं उत्तर ऐकून या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी कर्ज काढलेलं मी पाहिलंय.

आधी 'चालते' या शब्दाकडे बघू. हा शब्द आपण नाण्याला लावतो. माझ्या वडिलांकडे कुठलाच कागद नव्हता. वैतरणेच्या मुखाशी वाळूचा दांडा दरवर्षी कुठे सरकतो, कुठल्या तिथीला किती पाणी असतं, हे त्यांना ठाऊक होतं. समोरच्या अर्नाळ्यातले लोकही त्यांच्या शब्दावर बोट घालायचे, कारण ते त्यांना ओळखत होते. वडील मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंत ओळखीवर चालले. त्यापलीकडे नाही. ओळख संपते तिथे कागद सुरू होतो, आणि मग त्या कागदाला ओळखणारं कोणीतरी तिकडे असावं लागतं. परदेशात पदवीला मान्यता मिळणं म्हणजे एवढंच: इथल्या कोणाच्या तरी शब्दावर तिथल्या कोणीतरी विश्वास ठेवलाय. तुम्ही किती शिकलात, हा त्यातला अर्धाच भाग. तुमच्या वतीने कोण बोलतंय आणि त्याचं कोण ऐकतंय, हा उरलेला अर्धा.

म्हणून "चालते का" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कशासाठी चालायला हवी, ते आधी सांगा. पुढे शिकायला जायचं असेल तर बहुतेक देशांत ते विद्यापीठ स्वतः ठरवतं. नोकरी करायची असेल आणि त्या कामाला परवाना लागत नसेल, तर मालक ठरवतो आणि त्याच्या मागे व्हिसाचं कार्यालय उभं असतं. पण डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता, वकील, वास्तुरचनाकार, काही देशांत इंजिनिअरसुद्धा, ही परवान्याची कामं. तिथे त्या त्या व्यवसायाची परिषद ठरवते, आणि ती विद्यापीठाचं ऐकत नाही, मालकाचंही नाही.

पदवी वेगळी आणि परवाना वेगळा, हे पालघर जिल्ह्यातल्या माणसाला तरी समजावून सांगावं लागू नये. आपल्या तारापूरला १९६९ पासून वीज तयार होते. तिथल्या नियंत्रण कक्षात बसायला इंजिनिअरिंगची पदवी पुरत नाही. पदवीनंतर प्रशिक्षण, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, आणि मग अणुऊर्जा नियामक मंडळाच्या व्यवस्थेतून मिळणारा परवाना. तोही ठरावीक मुदतीचा. पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या, तिसरी आणि चौथी जड पाण्याच्या. एका प्रकारचा परवाना घेऊन माणूस त्याच कुंपणातल्या दुसऱ्या प्रकारच्या भट्टीवर बसू शकत नाही. त्याचं शिक्षण कमी आहे असं कोणी म्हणत नाही. त्या यंत्राची जबाबदारी घेणाऱ्यांना त्या यंत्रापुरती खात्री हवी असते, इतकंच.

आता थोडं मागे नेते. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची सूत्रं सुरुवातीला ज्यांच्याकडे होती त्या डॉक्टर एडिथ पीची इंग्रज होत्या. १८६९ मध्ये त्या एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेल्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी पुरुषांना मागे टाकलं, आणि त्या गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती त्या बाई आहेत म्हणून त्यांच्या खालच्या पुरुषाला दिली गेली. रसायनशास्त्र शिकवताना ही गोष्ट मी मुलींना दर वर्षी सांगत आले. पुढे त्या विद्यापीठाने बायकांना पदवी द्यायलाच नकार दिला. पीचीबाई स्वित्झर्लंडमधल्या बर्नला गेल्या आणि १८७७ मध्ये जर्मन भाषेत परीक्षा देऊन एमडी झाल्या. ती पदवी घेऊन त्या स्वतःच्या देशात आल्या, तर ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही झालेली होती आणि परदेशी पदवीवर त्या वहीत नाव चढत नव्हतं. मग त्यांनी त्याच वर्षी डब्लिनच्या वैद्यक महाविद्यालयाची परीक्षा दिली, कारण बायकांना परवाना द्यायला ते तयार झालं होतं. बर्नची पदवी आणि डब्लिनचा परवाना घेऊन बाई १८८३ च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या. म्हणजे परदेशी पदवी घेऊन आपल्याच देशाच्या दारात ताटकळणं फक्त आपल्या नशिबी आलेलं नाही.

त्याच वर्षी, पीचीबाई यायच्या काही महिने आधी, कल्याणच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला त्या एमडी झाल्या. कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी बोलावलं. फिलाडेल्फियाची पदवी इथे मानायची की नाही, हे विचारणारं कोणी तेव्हा नव्हतं. संस्थानात दरबाराचा शब्द पुरे होता, आणि मुंबई इलाख्यात तर डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदाच १९१२ मध्ये आला. पण २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, आनंदीबाई गेल्या. डॉक्टर रखमाबाई त्यांच्यानंतरच्या. पीचीबाईंच्या आधाराने त्या लंडनला शिकल्या, परवान्याची परीक्षा मात्र त्यांनी स्कॉटलंडच्या महाविद्यालयांची दिली, आणि मग सुरतेला येऊन काम केलं. या तिघींच्या कागदांच्या वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक दिसतं. शिकवणारं दार आणि काम करू देणारं दार, ही दोन्ही एकाच भिंतीत क्वचित असतात.

दारांची हीच गोष्ट गोव्यातही दिसते. आपल्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, दातिवऱ्यासकट. गोव्यात तो पुढे सव्वादोनशे वर्षं राहिला. तिथली वैद्यक शाळा १८४२ ची, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाहून तीन वर्षांनी जुनी. तिथून बाहेर पडलेले डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत पाठवले जायचे. खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र त्यांना तिथल्या महाविद्यालयाच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागत. मलेरियाच्या जंगलात चालणारं शिक्षण लिस्बनच्या रस्त्यावर चालत नव्हतं. मान्यता म्हणजे निव्वळ गुणवत्तेचा प्रश्न असतो, असं मला जेव्हा कोणी सांगतं तेव्हा मला ही शाळा आठवते.

इंग्रजांनी आपल्याबाबत दोनदा दार लावलं. आपल्या विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल मान्यता देत असे. १९३० मध्ये ती काढून घेतली गेली. त्यांचं म्हणणं असं की भारतातल्या महाविद्यालयांची तपासणी करून, विशेषतः बाळंतपणाचं प्रशिक्षण नीट होतं की नाही ते पाहून, आम्हाला भरवशाने सांगणारी एक अखिल भारतीय संस्था तिकडे नाही. अपमान वाटावा असंच ते होतं आणि त्या वेळच्या डॉक्टरांना तो वाटला. पण त्यातून १९३३ चा कायदा झाला आणि १९३४ मध्ये भारताची स्वतःची वैद्यक परिषद उभी राहिली. मान्यता परत मिळाली. मग स्वातंत्र्यानंतर हजारो भारतीय डॉक्टर थेट नोंदणी करून ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत लागले, कारण तिथे डॉक्टर कमी होते. १९७५ मध्ये पुन्हा दार लागलं. त्याच वर्षी बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांसाठी वेगळी चाचणी सुरू झाली, जिला पुढे प्लॅब म्हणू लागले. त्या वर्षी ग्रँट मेडिकलच्या वर्गातलं शरीरशास्त्र बदललं नव्हतं. आदल्या वर्षी ज्या पदवीवर माणूस तिथे रुग्ण तपासू शकत होता, त्याच पदवीवर पुढच्या वर्षीच्या माणसाला ते जमलं नाही. आपणही मग त्यांच्या पदव्यांची मान्यता काढून घेतली. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या पदव्युत्तर वैद्यकीय पदव्यांना आपण पुन्हा दार उघडलं ते २००८ मध्ये.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांची मान्यता मिळाली. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर कोपऱ्यात होती. मला ती पहिल्या पानाची वाटली. आपल्या वतीने बोलणाऱ्या संस्थेचं बोलणं जगाने ऐकायचं ठरवलं, असा तिचा अर्थ. कुठल्या मुलाने किती गुण मिळवले याच्या बातम्या आपण मोठ्या करतो, आणि ज्या एका निर्णयावर हजारो मुलांचे कागद चालणार किंवा अडणार तो वाचतही नाही.

आता बोईसर. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतला कोणीतरी तारापूर एमआयडीसीत आहे. तिथल्या काही औषध कारखान्यांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक येतात. ते आठवडा-आठवडा बसून नोंदी तपासतात, गाळणीपासून गोदामापर्यंत सगळं पाहतात आणि मग इथला माल तिकडच्या औषधात जातो. त्या नोंदी कोण लिहितं? सफाळे, केळवे, माहीम, पालघर, डहाणू इथून पदवी घेतलेली आपली मुलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर त्यांनी काढलेला आलेख अमेरिकेतला निरीक्षक ग्राह्य धरतो. पण त्यांच्यातलीच एखादी मुलगी उद्या तिकडे गेली तर तिची बीएस्सी पुरी पदवी म्हणून ग्राह्य धरतीलच असं नाही. मालाला मान्यता आहे, करणाऱ्या हाताला नाही. हे मला अजून पचलेलं नाही, आणि पचू नये असंच मला वाटतं.

बीएस्सी पुरी का धरत नाहीत, त्याचं कारण सांगते. अमेरिकेत बारावीनंतर चार वर्षांनी पदवी मिळते. शाळेपासून मोजली तर सोळा वर्षं. आपली बारावी अधिक तीन, म्हणजे पंधरा. इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, आपल्याकडे आधी अकरावीला एसएससी होती आणि त्यानंतर प्री-डिग्री, इंटर धरून चार वर्षांनी पदवी. दहावीची पहिली एसएससी १९७५ ला झाली आणि आकृतिबंध बदलला, पण बेरीज तेव्हाही पंधराच होती. म्हणून तिकडे पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था पुष्कळदा लिहून देतात, 'पदवीच्या तीन वर्षांचा अभ्यास'. युरोपात तसं नाही. बोलोन्याच्या १९९९ च्या ठरावानंतर तिथे तीन वर्षांची पहिली पदवी सर्रास झाली, त्यामुळे आपली बीएस्सी तिथे सहज समजते. उलट जर्मनीत नुसत्या बारावीवर विद्यापीठात थेट प्रवेश बहुधा मिळत नाही. आधी तिथला वर्षभराचा पूर्वतयारीचा वर्ग करा किंवा इथे पदवीचं निदान एक वर्ष पुरं करून या, म्हणतात. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाची सोय झाली आहे. ज्याला अमेरिका किंवा कॅनडाकडे जायचं आहे त्याने ते चौथं वर्ष सोडण्याआधी दहादा विचार करावा.

माझ्या भाचीची गोष्ट. तिने इथलीच बीएस्सी केली, चार वर्षं बोईसरला गुणवत्ता नियंत्रणात काढली, हात इतका बसला होता की तिचे वरिष्ठ अवघड नमुने तिच्याकडे द्यायचे. एका एजंटाने तिला सांगितलं, भारताची डिग्री सगळीकडे चालते. तिने पैसे भरले. मूल्यमापनाचं पत्र आलं त्यात तेच वाक्य, तीन वर्षांचा अभ्यास. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली आणि काही न बोलता समोर ठेवलं. एजंटावर मी रागावले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती माझ्यामुळे. मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते, बीएस्सी म्हणजे बीएस्सी, मुंबई विद्यापीठाची आहे, कुठेही जा. मला खरंच तसं वाटत होतं. तिने नोकरी सांभाळून एमएस्सी केलं आणि मग तिचा मार्ग निघाला. पण दोन वर्षं गेली, आणि ती दोन वर्षं वाचवता आली असती.

बी फार्मसी केलेल्या मुलांनी तर कान देऊन ऐका. अमेरिकेत औषधविक्रेत्याचा परवाना मिळवण्यासाठी परदेशी पदवीधरांची जी परीक्षा आहे, तिला बसायलाच १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली बी फार्म चार वर्षांची. अनुभव कितीही असो, त्या परीक्षेचं दार बंद. सहा वर्षांच्या फार्म डी ला ते उघडं आहे. हे बारावीच्या निकालाच्या दिवशी कळायला हवं. तिशीत कळून उपयोग नाही.

इंजिनिअरिंगचं वेगळं. १९८९ साली सहा देशांनी वॉशिंग्टन करार केला. एकमेकांच्या इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांना तुल्य मानायचं, असा. भारत त्यात १३ जून २०१४ ला पूर्ण सभासद झाला. त्यानंतर आपल्याकडे जाहिरातींत सरसकट लिहू लागले, आमची पदवी आंतरराष्ट्रीय. तसं नाही. आपल्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने, म्हणजे एनबीएने, पहिल्या श्रेणीत मूल्यांकन केलेल्या अभ्यासक्रमांनाच हे लागू आहे. त्या श्रेणीत मुख्यतः स्वायत्त महाविद्यालयं आणि विद्यापीठांचे विभाग येतात. तेही अभ्यासक्रमाला, सबंध कॉलेजाला नाही. एकाच इमारतीत मेकॅनिकल करारात असेल आणि शेजारचा वर्ग नसेल. म्हणून प्रवेशाच्या वेळी फीचा आकडा विचारता तसं हेही विचारा. संकोच करू नका.

सरकारांमधले करारही झाले आहेत. ब्रिटनशी जुलै २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियाशी मार्च २०२३ मध्ये. ब्रिटनच्या करारातून वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, कायदा, वास्तुरचना या पदव्या मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे तिथे पुढे शिकायला सोपं, व्यवसायाचं दार होतं तिथेच. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याची चौकशी करायला माझ्याकडे आलेल्या मुलांना मी एकच सांगितलं, आधी जर्मन शिका. भाषेची पातळी गाठल्याशिवाय तिथे काहीच हलत नाही. पण जर्मनीच्या २०१२ च्या मान्यता कायद्यातली एक गोष्ट मला फार योग्य वाटते. तिथे कागद अपुरा वाटला तर नुसतं 'नाही' म्हणून पाठवत नाहीत. काय कमी आहे ते लिहून देतात, आणि तेवढंच भरून काढायची वाट दाखवतात. तीन वर्षं शिकलेल्या परिचारिकेला पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकवायचं, की तिला जे येत नाही तेवढे महिने शिकवायचं, यात माणूस म्हणून वागवण्याचा फरक आहे. युनेस्कोचा २०१९ चा जागतिक करारही, जो मार्च २०२३ पासून लागू झाला, याच दिशेचा आहे. पदवीत मोठा फरक आहे हे मान्यता नाकारणाऱ्याने दाखवायचं, अर्जदाराने नव्हे.

आणि हे सगळं जगात शक्य आहे, याचा पुरावा आपल्या घरात आहे. माझा धाकटा भाऊ बोटीवर गेला. वडिलांच्या नव्हे, मोठ्या जहाजावर. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढलं, प्रशिक्षण घेतलं, परीक्षा देत देत इंजिनिअर झाला. त्याचं सक्षमतेचं प्रमाणपत्र मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाचं. त्यावर तो पनामाच्या झेंड्याखाली गेला, लायबेरियाच्या गेला. जहाजाचा मालक एका देशाचा, कप्तान दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा. प्रत्येक वेळी त्या झेंड्याच्या देशाने त्याच्या भारतीय प्रमाणपत्राला पुष्टीचा कागद जोडून दिला आणि तो कामाला लागला. कोणी त्याला विचारलं नाही, तुमची पदवी तीन वर्षांची की चार.

हे आपोआप झालेलं नाही. १८ मार्च १९६७ ला टोरी कॅनियन नावाचं तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ खडकावर चढलं आणि मैलोन्‌मैल किनारा तेलाने काळा झाला. झेंडा एका देशाचा, खलाशी दुसऱ्या देशाचे, किनारा तिसऱ्याचा. तेव्हा जगाला कळलं की दुसऱ्या देशाने शिकवलेल्या माणसाच्या हातून आपला किनारा बुडू शकतो. १९७८ मध्ये लंडनला खलाशांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्रांचा जागतिक करार झाला, एसटीसीडब्ल्यू म्हणतात तो. १९८४ मध्ये तो लागू झाला. पण नुसत्या सह्यांनी भागलं नाही. काही देश पैसे घेऊन प्रमाणपत्रं वाटत होते. मग १९९५ मध्ये नियम कडक केले. प्रत्येक देशाने आपण कसं शिकवतो, कशी परीक्षा घेतो, हे लेखी दाखवायचं आणि बाहेरच्या जाणकारांनी ते तपासायचं. २००० सालच्या अखेरीस जी पहिली यादी निघाली, तिला खलाशी व्हाइट लिस्ट म्हणतात. तीत सत्तरहून जास्त देश होते, आणि भारत होता. दर पाच वर्षांनी पुन्हा स्वतंत्र मूल्यमापन. फिलिपाइन्ससारख्या देशाला, ज्याची लाखो माणसं जहाजांवर आहेत, युरोपने प्रशिक्षणातल्या त्रुटींवरून वर्षानुवर्षं इशारे दिले, आणि २०२३ मध्ये कुठे मान्यता चालू ठेवायचं ठरलं. तेवढी वर्षं तिथल्या हजारो घरांचा जीव टांगणीला होता.

भाऊ सुटीवर आला की वडील त्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन बघायचे. वाचता यायचं नाही. बोटाने शिक्का चाचपायचे. एकदा म्हणाले, "हे बरं आहे. आपल्याला ओळखणारा मेला तरी हे राहतं." त्यांना जे येत होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. मासेमारी नौकांवरच्या माणसांसाठीही १९९५ चा वेगळा जागतिक करार आहे, २०१२ पासून लागू. पण तो चोवीस मीटर आणि त्याहून लांब नौकांचा. आपल्या किनाऱ्यावरच्या बोटी त्याहून लहान. आपल्या तांडेलाला काय येतं हे अजून कुठल्याच वहीत नाही.

आता उलटी बाजू, कारण आपणही कोणाचे तरी द्वारपाल आहोत. आपली मुलं रशिया, चीन, युक्रेन, फिलिपाइन्सला डॉक्टर व्हायला जातात. परत आल्यावर इथे चाळणी परीक्षा द्यावी लागते. २००२ पासून आहे ती. तिच्यात बहुतेक वेळा चारांत एखादाच उत्तीर्ण होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आलं आणि मुलं बंकरमधून परतली, तेव्हा हे पहिल्यांदा पुष्कळ आईबापांच्या लक्षात आलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम मराठीत कोणी नीट सांगितले नाहीत, म्हणून आज सांगते. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. तो आणि १२ महिन्यांची आंतरवासिता एकाच संस्थेत हवी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. भारतात आल्यावर पुन्हा १२ महिने. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या पदवीवर त्या देशात स्वतः डॉक्टर म्हणून नोंदणी करता आली पाहिजे. जिथे शिकवतात तिथेच जी पदवी चालत नाही, ती आपल्या मुलांना विकली जात होती. आयोगाने इथे कडक वागून चूक केली असं मला वाटत नाही. चूक झाली ती सांगण्यात. नियम दिल्लीत निघाला आणि सफाळ्याच्या स्टेशनबाहेर लागलेला जाहिरातीचा फलक तसाच राहिला.

इतर परदेशी पदव्यांची तुल्यता आपल्याकडे आजवर भारतीय विद्यापीठ संघ ठरवत आला. तो म्हणजे १९२५ च्या आंतरविद्यापीठ मंडळाचा वारसा. आता विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी नियमावली केली आहे. बाहेरून शिकून परत येणाऱ्यांनी ती पाहावी.

शेवटी कागदांबद्दल, कारण गुरुजी हेच विचारतील की एवढं बोललीस, मुलांना हाती काय दिलंस. अपोस्टिल नावाचा शिक्का असतो. हेगच्या १९६१ च्या कराराने आलेला, आपल्याकडे जुलै २००५ पासून. आधी मंत्रालयातली पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हजारो रुपये घेऊन एजंट तो मिळवून देतात आणि म्हणतात, झाली डिग्री मान्य. तो शिक्का फक्त एवढं सांगतो की सही आणि मोहोर खरी आहे. पदवी चांगली की वाईट, पुरी की अपुरी, याबद्दल तो काहीच बोलत नाही. आणि तो सगळीकडे चालतही नाही. दुबईला जाणाऱ्याला अमिरातीच्या वकिलातीचा वेगळा शिक्का घ्यावा लागतो.

त्याहून जास्त माणसं अडतात ती नावाला. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. लग्न झालेल्या मुलीचं तर दहावीचं नाव एक, पदवीचं दुसरं, पासपोर्टचं तिसरं. तिकडच्या टेबलावर बसलेल्या माणसाला आपली पद्धत माहीत नसते. त्याला ती तीन वेगळी माणसं वाटतात. एका परिचारिकेचे सात महिने एका इंग्रजी अक्षरावर गेलेले मी पाहिलेत. दाखल्यात एक, आधारवर दुसरं. तिने बिचारीने काहीच चुकवलं नव्हतं. कोणीतरी कधीतरी घाईत लिहून टाकलं होतं.

माझा दाखला मी आज बरोबर आणलाय. अध्यक्षांच्या हातात दिलाय, बघा हवं तर. वेलांटी दीर्घ आहे, आणि ती पुढच्या प्रत्येक कागदावर दीर्घच राहिली.

शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून आज आठवीच्या वर्गात दोन बाकं आणि दिवा मांडून ठेवला आहे. ज्यांनी आपले दाखले, गुणपत्रिका, पासपोर्ट आणलेत त्यांनी तिकडे यावं. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी बरोबर आहेत, एक नर्सिंगची, एक बोईसरला आहे. नावं, तारखा, अक्षरं ताडून बघू. जिथे फरक निघेल तिथे कुठल्या कार्यालयात जायचं ते लिहून देऊ. ज्यांचं एजंटाशी बोलणं झालंय त्यांनी त्याने दिलेला कागदही आणावा, पैसे भरले असोत वा नसोत. सफाळ्याची शेवटची गाडी जाईपर्यंत आम्ही इथेच आहोत.